'बंदी उठली' ही बातमी घरच्या गटावर मीच टाकली होती

गोदाकाठ (धागाकर्ती), मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हे लिहावं की नाही, असं वर्षभर चाललं होतं. आज लिहितेच.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सासर नाशिकचं. धाकटा भाऊ शेती करतो, मुख्य पीक कांदा. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. त्या दिवसांत आमच्या माहेरच्या गटावर दुसरा विषयच नव्हता. १८ फेब्रुवारीला, रविवारी, मला एका बातमीचा दुवा आला. मंत्र्यांच्या समितीनं मंजुरी दिली, तीन लाख टन कांदा बाहेर जाणार, असा मथळा. वाहिनीचं नाव ओळखीचं, रोज घरात लागणारं. मी मथळ्याखालचं काही वाचलं नाही. 'भाऊ, उठली रे बंदी!' असं लिहून पुढं पाठवलं. फार आनंदानं पाठवलं होतं, म्हणून जास्त लागतं.

भावाचा लाल कांदा काढून शेतात पातीखाली झाकून ठेवलेला होता. दोन ट्रॉल्या सोमवारी लासलगावला न्यायचं ठरलेलं. शनिवारी, १७ तारखेला, सरासरी भाव क्विंटलला १२८० होता. सोमवारी तो १८०० वर गेला. भाऊ म्हणाला, बंदी उठलीय तर अजून चढेल, दोन दिवस दम धरू. मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत आहे तशीच आहे. भाव घसरले. उन्हाळ कांदा असता तर कांदा साठवायच्या चाळीत भरून ठेवला असता. लाल कांद्याला तेवढा दम नसतो. शेवटी भावानं मिळेल त्या भावात काढला आणि खराब झालेला बांधावर टाकला.

इथपर्यंत नुकसान पैशाचं होतं. पुढचं मला जास्त सांगायचंय. गटावर मामेभावानं लिहिलं, सरकारनंच मुद्दाम पुडी सोडली. काकांनी लिहिलं, सरकारला बदनाम करायला वाहिन्यांनी केलं. मग दोघांकडून नेत्यांची जुनी भाषणं, चित्रं, कुणीतरी लिहिलेले लांबच लांब मजकूर. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी दोघं जण गट सोडून गेले. भाऊ एक अक्षर बोलला नाही. त्या वर्षी भाऊबीजेला आला, जेवला, ओवाळणी टाकली आणि लगेच निघाला. कांद्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या दुव्यात मी नेमकं काय बघायला हवं होतं? आणि 'ही बातमी कशाच्या आधारावर आहे' हा साधा प्रश्न आमच्या बावीस जणांच्या गटात एकालाही का सुचला नाही?

---

कांदाचाळ, मंगळवार, रात्री १०.२५

ताई, मीही त्याच भागातला. त्या सोमवारी मी बाजार समितीच्या आवारात होतो. तुमच्या मेसेजमुळं भाऊ थांबला असं समजू नका, आवारात सगळेच तेच बोलत होते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं सांगतो. निर्यात बंद की खुली, हा निर्णय विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाल्यावरच लागू होतो. अधिसूचनेला क्रमांक असतो, तारीख असते. समितीनं मंजुरी दिली, मंत्री म्हणाले, सूत्रांकडून कळलं, हे सगळं त्याच्या आधीचं. खरंही निघतं कधी कधी, पण त्याच्यावर ट्रॉली न्यायची किंवा थांबवायची नाही. त्या वेळचंच बघा. १ मार्चला अधिसूचना निघाली ती फक्त ६४,४०० टनांची, बांगलादेशला ५०,००० आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४००, तीही सरकारनं नेमलेल्या सहकारी संस्थेमार्फत. बंदी ३१ मार्चनंतरही चालूच राहिली, प्रत्यक्षात उठली ४ मे २०२४ ला. ती उठली तेव्हाही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क होतं. म्हणजे 'उठली' हा शब्द मे महिन्यातसुद्धा अर्धाच खरा होता.

दुसरी गोष्ट भावाची. रोज सकाळी दहा-साडेदहाला मोबाइलवर येतं, 'अमुक ठिकाणी कांदा ३१००'. आकडा खोटा नसतो. पण तो जास्तीत जास्त भाव असतो, एखाद्या निवडक ट्रॉलीला मिळालेला. बाजार समिती रोज तीन भाव देते: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. माझा माल सरासरीला जाणार हे मला माहीत असतं. शहरातला माणूस ३१०० वाचतो आणि म्हणतो शेतकरी मालामाल झाला. गावातला पोरगा ३१०० वाचतो आणि १९०० मिळाले की म्हणतो व्यापाऱ्यानं लुटलं. एकाच खऱ्या आकड्यावरून दोघं एकमेकांवर चिडलेले.

आणि हेही सांगतो, मोबाइलला सरसकट वाईट म्हणू नका. माझे वडील माल घेऊन जायचे तेव्हा पिंपळगावला काय चाललंय हे लासलगावला पोचल्यावर, व्यापाऱ्याच्या तोंडून कळायचं. आज मी शेतात उभा राहून लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, चांदवड चारही बाजार बघतो आणि मग ट्रॉली कुठं वळवायची ते ठरवतो. हे मला फुकट मिळालेलं बळ आहे, ते मी सोडणार नाही.

---

सिन्नर_पोल्ट्री, मंगळवार, रात्री ११.०२

आमचं २०२० चं. ब्रॉयलर कोंबडीनं कोरोना होतो असा मेसेज फेब्रुवारीत फिरला. सोबत कुठल्यातरी रोगट कोंबड्यांचे फोटो. राज्यात पहिला रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडला, पण आमचा बाजार त्याच्या आधीच बसला होता. रोग पोचायच्या आधी अफवा पोचली. पशुसंवर्धन खात्यानं स्पष्ट सांगितलं की संबंध नाही, पण ते कुणी पुढं पाठवलं नाही. खाद्याचा खर्चही निघेना. कोंबडी रोज खाते, तिला थांब म्हणता येत नाही. माझ्या शेडवर पक्षी असताना मी ते फुकट वाटलेत. घेणारेसुद्धा दोनदा विचारत होते.

ज्यांनी तो मेसेज पाठवला त्यातले निम्मे माझे नातेवाईक होते. काळजीनं पाठवला होता. एकालाही माझं नुकसान करायचं नव्हतं.

---

जुना_उपसंपादक, बुधवार, सकाळी ७.१५

मी तीस वर्षं वृत्तपत्रात बातम्या तपासायचं काम केलं. ताईंनी जो प्रश्न विचारलाय, 'बातमी कशाच्या आधारावर', तो आमच्या टेबलावर रात्री अकरालाही विचारला जायचा, आणि उत्तर नसेल तर बातमी दुसऱ्या दिवशीवर जायची. आमच्याही चुका झाल्या. पण चूक झाली तर तिसऱ्या पानावर का होईना, खुलासा छापावा लागे, आणि कुणी छापली हे माहीत असायचं. आज चुकलेला मजकूर गुपचूप बदलला जातो, आणि तोवर त्याचा फोटो काढून लोकांनी पुढं पाठवलेला असतो. मूळ दुरुस्त झालं तरी तो फोटो दुरुस्त होत नाही.

२०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या तिघा संशोधकांचा अभ्यास आला होता. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढं पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. आणि हे यंत्रांनी चालवलेल्या खात्यांमुळं झालेलं नव्हतं, माणसांनीच केलं होतं. त्यांच्या मते खोट्यात नवेपणा जास्त असतो, ऐकणारा चकित होतो, म्हणून दुसऱ्याला सांगावंसं वाटतं. कोंबडीचा मेसेज धावला आणि खुलासा जागेवर बसून राहिला, त्याचं कारण यात सापडतं.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग झाला. इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि व्यवसायानं तथ्य तपासणारे लोक अशा तिन्ही गटांना अनोळखी संकेतस्थळं दाखवली. प्राध्यापक आणि विद्यार्थी तेच पान वरून खालपर्यंत बारकाईनं वाचत बसले, बोधचिन्ह बघून, भाषा बघून फसले. तपासनिसांनी पान लगेच सोडलं आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते आधी शोधलं. वाचनाची आपली शाळेतली सवय 'नीट, पूर्ण वाच' अशी आहे. इथं आधी बाहेर पडून चौकशी करायची असते. मुलीसाठी स्थळ आलं तर आपण मुलाच्या घरच्यांनी दिलेला कागद वाचून लग्न ठरवतो का? गावात चार ठिकाणी विचारतो. तेच.

---

दहीपूल, बुधवार, सकाळी ८.५०

आमचं दुकान सराफ बाजाराच्या तोंडाशी. गोदेला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं बघतो, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, हीच आमची मोजपट्टी. मारुती बुडाला की बाजारपेठेत पाणी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आता दर पावसाळ्यात काय होतं? मारुती बुडालेला जुना व्हिडिओ 'आत्ताचा, रामकुंड' म्हणून फिरतो. एका वर्षी मी तो बघून रात्री एक वाजता दोन्ही पोरांना घेऊन दुकानातला खालचा सगळा माल माळ्यावर चढवला. पहाटे नदीवर गेलो, पाणी मारुतीच्या पायाशी. त्यानंतर पुढच्या खेपेला गंगापूर धरणातून विसर्ग वाढवतोय असा खरा इशारा आला, तेव्हा शेजारचे म्हणाले, असले फार बघितले. त्यांच्या गोदामात पाणी शिरलं. खोट्या बातमीनं माझी एक रात्र गेली. त्यांचं नुकसान मात्र खऱ्या बातमीवरचा विश्वास उडाल्यानं झालं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं.

आता मी व्हिडिओ बघतच नाही. धरणातून किती क्युसेक सोडलं आणि होळकर पुलाखाली किती वाहतंय, हे दोन आकडे बघतो. किती तासांनी इकडं पाणी चढतं याचा अंदाज आम्हाला पिढीजात आहे.

---

देवळालीकर, बुधवार, सकाळी ९.३०

बिबट्याचंही तेच झालंय. आमच्या सोसायटीच्या गटावर लिफ्टसमोर बसलेल्या बिबट्याचा फोटो आला. दोन दिवस मुलं खाली खेळायला गेली नाहीत. नीट बघितलं तर फोटोतली लिफ्ट आमची नाहीच, फरशी वेगळी, भिंतीवरची पाटी कुठल्याच भाषेत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेलं चित्र. आणि खरा बिबट्या आपल्याकडं आहेच, निफाड-सिन्नरच्या उसात आहे, दारणाकाठी आहे. म्हणून तर खोटा फोटो चालून जातो. दिसला तर वनखात्याला १९२६ वर कळवायचं. गटावर टाकून काय होणार?

---

सातपूरकर, बुधवार, दुपारी १.२०

मी संगणक क्षेत्रात काम करतो. गोदाकाठ ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. लोक पटकन म्हणतात की हे सगळं अल्गोरिदममुळं, आपल्याला आपल्याच मताचं दाखवतात म्हणून आपण एककल्ली होतो. २०११ पासून ही कल्पना लोकप्रिय आहे. पण अभ्यास बघितले तर गोष्ट इतकी सरळ नाही.

२०२० च्या अमेरिकेच्या निवडणुकीच्या वेळी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मोठा प्रयोग झाला. हजारो लोकांना तीन महिने अल्गोरिदमनं निवडलेल्या मजकुराऐवजी फक्त वेळेच्या क्रमानं मजकूर दाखवला. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. लोकांचं राजकीय ध्रुवीकरण फारसं बदललं नव्हतं. त्याआधी २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटानं उलट प्रयोग केला होता. लोकांना मुद्दाम विरुद्ध बाजूचा मजकूर महिनाभर दाखवला. त्यातले रिपब्लिकन मतदार मवाळ व्हायच्या ऐवजी आपल्या मतावर आणखी घट्ट झाले. म्हणजे 'दुसरी बाजूही वाचा' हा सल्लाही आपोआप काम करत नाही. आणि २०१७ चा एक अभ्यास सांगतो की अमेरिकेत ध्रुवीकरण सर्वांत जास्त वाढलं ते पासष्टच्या वरच्या, इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्या लोकांत.

हे सगळं अमेरिकेतलं आहे, आपल्याकडं जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. आपल्याकडं तर मुख्य वापर व्हॉट्सअ‍ॅपचा, आणि तिथं काय आधी दाखवायचं हे ठरवणारं यंत्र नाही. तिथं निवड आपण करतो. मला वाटतं ताईंच्या गटात प्रश्न सुचला नाही कारण बातमी ताईंनी पाठवली होती. घरच्या माणसाला 'कशावरून?' विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं. अनोळखी माणसानं पाठवली असती तर चारजणांनी विचारलं असतं.

---

मोसमकाठ, बुधवार, सायंकाळी ६.१०

मी मालेगावचा. हे वाचून लिहावंसं वाटलं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज कितीतरी दिवस फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या बाजारात आले आणि जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटचा संदेशाचा भाग कापून टाकला आणि उरलं ते अपहरणाचं दृश्य.

त्याच रात्री आमच्या मालेगावात तोच प्रकार होणार होता. भीक मागत फिरणारं एक कुटुंब, सोबत लहान मूल. जमाव जमला. पण इथल्याच रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं, दार लावलं, पोलिसांना बोलावलं. पोलिसांच्या गाडीवरही लोक धावून गेले, तरी ते कुटुंब वाचलं. राईनपाडा सगळ्यांना माहीत आहे, आणि असायलाच पाहिजे. त्या रात्रीचं मालेगाव किती जणांना माहीत आहे? दार लावणाऱ्याचा व्हिडिओ नव्हता, म्हणून ती गोष्ट फिरली नाही.

उलट कुठल्याही गावच्या दगडफेकीचा व्हिडिओ आला की त्याखाली 'मालेगाव' लिहिलं की लोक मानतात. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीला मैत्रिणी विचारतात, तुमच्याकडं काल काय झालं? काल आमच्याकडं यंत्रमाग चालू होते, दुसरं काही झालं नव्हतं. ध्रुवीकरण हा शब्द तुम्ही वापरता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पोरीचा तो फोन येतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. दोन बाणांची खूण दिसते ती त्याची. ती खूण दिसली की मी तरी हात थांबवतो.

---

कांदाचाळ, बुधवार, सायंकाळी ६.४०

दादा, राईनपाडा माहीत होतं. मालेगावचं आज कळलं. इतक्या जवळ राहून.

---

पंचवटीकर, बुधवार, रात्री ८.०५

एवढा विषय निघालाय तर तपोवनाचंही बोलू. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभं करायला महापालिकेनं २०२५ च्या नोव्हेंबरात झाडांबाबत हरकती मागवल्या, सुमारे १८०० झाडांचा विषय. दुसऱ्या दिवसापासून असं चित्र रंगवलं की जणू कुंभ म्हणजेच नाशिकचा शत्रू. मला आलेल्या एका फोटोत मोठमोठे वड तोडून पाडलेले. तो फोटो तपोवनातला नव्हताच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पर्वणीला यात्रेकरूंना पाणी पाजणारी माणसं, आम्हालाच झाडांचे वैरी ठरवलं.

---

वडाची_सावली, बुधवार, रात्री ८.३०

आणि आम्हाला? झाडांसाठी उभं राहिलो तर पहिला प्रश्न 'तुम्ही हिंदू आहात का?'. माझी आई रोज गोदेवर जाते. मला आलेल्या मजकुरात लिहिलं होतं की तिथं फक्त काटेरी झुडपं आहेत, एकही मोठं झाड नाही. मी दर रविवारी तिथं फिरायला जाते. तेही धडधडीत खोटं होतं. हरकत नोंदवणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, त्यासाठी धर्माचा दाखला कशाला?

---

पंचवटीकर, बुधवार, रात्री ८.४२

हक्क नाकारतंय कोण? पण बाहेरून नट-नट्या येऊन आम्हाला शिकवणार, आणि...

---

व्यवस्थापक, बुधवार, रात्री ९.००

वरच्या दोन्ही सदस्यांचे पुढचे सहा प्रतिसाद काढले आहेत. तपोवनावर लिहायला हरकत नाही. एकमेकांच्या घरच्यांबद्दल लिहू नये.

---

जुना_उपसंपादक, बुधवार, रात्री ९.३५

दोघांनाही एक विचारतो. पालिकेची मूळ सूचना दोघांपैकी कुणी वाचली आहे का? त्यात तोडायची किती, पुनर्रोपणाची किती, फांद्या छाटायच्या किती, याचा फरक फार मोठा आहे. १८०० हा आकडा दोन्ही बाजूंनी 'तोडणार' या एकाच क्रियापदाला जोडून फिरवला. एका बाजूनं रागानं, दुसऱ्या बाजूनं 'एवढ्याशा झुडपांसाठी?' म्हणून. मी दोघांच्याही निष्ठेवर शंका घेत नाही.

---

जुना_सीबीएस, गुरुवार, सकाळी १०.१०

मी वकिली करतो. गप्पांत नेहमी एक सूचना येते की सरकारनंच एक यंत्रणा करावी, ती खरं-खोटं ठरवेल आणि खोटं काढून टाकायला लावेल. हा प्रयत्न झालेला आहे. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्रानं आपल्या कारभाराविषयीचा मजकूर तपासायला तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं गेलं. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. कारण सोपं आहे: ज्याच्याबद्दल बातमी आहे, त्यानंच ती खरी की खोटी ठरवायची, हे चालणार नाही.

त्याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६अ होतं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षा देणारं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मतासाठी अटक झाली, ते प्रकरण गाजलं, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. अफवा पसरवून दंगल घडवणाऱ्यावर कारवाई करायला इतर कलमं पुरेशी आहेत. पण ताईंनी आनंदानं पाठवलेल्या बातमीवर कुठलं कलम लावणार? तिथं कायद्याचं कामच नाही.

---

सिन्नर_पोल्ट्री, गुरुवार, दुपारी १२.३०

वकीलसाहेब, तुमचं पटतं, पण पूर्ण नाही. माझं शेड रिकामं झालं तेव्हा कुणावरच जबाबदारी नव्हती. पाठवणारा म्हणतो मला आला म्हणून पाठवला, कंपनी म्हणते आम्ही फक्त वाहक. भरपाई कुणाकडं मागू? याचं उत्तर या धाग्यातही मला मिळालेलं नाही.

---

जुना_सीबीएस, गुरुवार, दुपारी १.०५

खरं आहे. माझ्याकडंही नाही.

---

वडाची_सावली, गुरुवार, सायंकाळी ७.२०

उपसंपादक काका, पालिकेची सूचना आज शोधून वाचली. माझ्या एका मजकुरात मी सगळी झाडं 'तोडणार' असं लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं. माझी हरकत कायम आहे. पंचवटीकर, रविवारी सकाळी सातला कपिला संगमाजवळ येता का? झाडांवर खुणा केल्यात त्या दोघं मिळून बघू. मी वही आणते.

---

पंचवटीकर, गुरुवार, रात्री ८.१५

येतो. झाडांची नावं माझ्या वडिलांना जास्त कळतात, त्यांना घेऊन येईन. त्यांच्यासमोर कुंभाबद्दल वेडंवाकडं बोलू नका एवढंच.

---

गोदाकाठ (धागाकर्ती), शुक्रवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सातपूरकरांनी लिहिलेलं मनात घर करून राहिलं, की घरच्या माणसाला आपण 'कशावरून' विचारत नाही. मोसमकाठ दादांच्या मुलीचा फोनही.

आज दुपारी भावाला फोन केला. हा धागा त्याला पाठवला नाही, तोंडीच बोलले. म्हटलं, त्या रविवारी मी पाठवलेल्या मेसेजमुळं तुझा माल अडकला. तो म्हणाला, 'ताई, तुझा मेसेज मी बघायच्या आधी शेजारच्या मळ्यातून तीन जणांचे फोन आले होते. तू पाठवलं नसतंस तरी मी थांबलोच असतो.'

मग तू बोलत का नाहीस, विचारलं. बराच वेळ गप्प राहिला. म्हणाला, 'दोन दिवस तुम्ही सगळे गटावर होतात. सरकार असं, वाहिनी तशी. मामेभाऊ बोलला, काका बोलले, तूसुद्धा चार-पाच वेळा उत्तरं दिलीस. माझा किती कांदा सडला, हे बावीस जणांत एकानंही विचारलं नाही.'

मी विचारलं, किती होता रे?

अठ्ठेचाळीस क्विंटल. त्यातला सतरा बांधावर टाकला.